जेवणवेळेपर्यंतचा भरवसा

आप्पा,

परवा साहेबांनी बोलावून घेतलं. येत्या पंधरा ऑगस्टला, स्वराज्याच्या संध्याकाळी, गावभर रोषणाई होणार आहे. कचेऱ्यांवर, देवळांवर, पेठेतल्या दुकानांवर दिव्यांच्या माळा लागणार आहेत. त्या संध्याकाळी आपली दोन्ही इंजिनं टिकतील का, ते लिहून द्या, म्हणाले. मी 'बघून सांगतो' म्हटलं, टोपी घातली आणि सरळ पॉवरहाऊसच्या मागच्या पाण्याच्या टाकीकडं चालत गेलो. कठड्यावर तुमची घोंगडी नव्हती. तिथं पोचल्यावर मग आठवलं, तुम्हाला जाऊन चौदा दिवस झाले.

नऊ वर्षांची सवय आहे, पाय ऐकत नाहीत. दुपारचे चार वाजले की टाकीकडं जायचं, तुम्ही पाण्यात हात घालून बसलेले असायचात, आणि मी विचारायचं, "आप्पा, आज संध्याकाळचं कसं?" तुम्ही एकदम उत्तर कधी दिलं नाहीत. आधी तंबाखू मळायची, मग आभाळाकडं बघायचं, मग आमच्या निपाणीच्या तंबाखूला नावं ठेवायची, आणि त्यानंतर गावाच्या दिव्यांचा निकाल लागायचा. परवा मी थोडा वेळ तिथंच उभा राहिलो. इंजिनातून येणारं गरम पाणी टाकीत पडत होतं. मी हात घातला. गरम आहे एवढंच मला कळलं, त्याहून जास्त काही कळलं नाही.

मी बेळगावात आलो तेव्हा तुम्ही टाकीवर नव्हता. तेव्हा तुम्ही पॉवरहाऊसचे मुख्य ड्रायव्हर होता. दोन तेलाची इंजिनं, त्यांची माणसाहून उंच चाकं आणि तो धक धक आवाज, या सगळ्यावर तुमचं राज्य होतं. मी पुण्याहून शिकून आलेला चोवीस वर्षांचा सुपरवायझर. तुम्ही काकतीच्या शेतकरी घरातले, खासबागेत बिऱ्हाड केलेले, शाळा कन्नड दुसरीपर्यंत. पहिल्या दिवशी तुम्ही माझं नाव विचारलंत, गाव विचारलंत, आणि नाव तिथल्या तिथं विसरून मला 'निपाणकर' करून टाकलंत. पुढं साहेबसुद्धा तेच म्हणायला लागले.

तुमच्या कामाची रीत मला तेव्हा खुळेपणाची वाटायची. दुपारी तीन वाजता तुम्ही सायकल काढायचात. खासबागेतून शहापूर, तिथून वडगाव, आणि पेठेतून परत. कुठं लग्नाचा मांडव पडलाय, थेटरात नवा खेळ लागलाय का, कोष्ट्यांच्या गल्लीत सुताला खळ लावायला ताणे पसरलेत का, काकतीच्या अंगाला आभाळ भरलंय का, हे सगळं बघून यायचं. तिथी विचारायची, कारण चांदण्या रात्री रस्त्यावरचे दिवे लावत नसत. आल्यावर दोन्ही इंजिनांच्या बेअरिंगवर तळहात ठेवून डोळे मिटायचे. मग म्हणायचात, "आज निभतंय." किंवा, "आज एक बाजू काढाय लागतीया." एक बाजू काढायची म्हणजे गावाच्या एका भागाची वीज तासभर बंद ठेवायची, म्हणजे बाकीच्या गावाचे दिवे टिकतात. आणि ती बाजू तुम्ही नेहमी खासबागेचीच काढायचात. स्वतःचं घर आधी अंधारात घातलं की दुसरा कोण तोंड वर करून बोलत नाही, असं तुमचं म्हणणं. आक्कांचं म्हणणं वेगळं होतं. लग्नानंतर इतक्या वर्षांनी घरात एक दिवा आला, तोही नवरा रोज विझवतो, असं त्या मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या.

तुमचा तो 'भरवसा' मी रजिस्टरात इंग्रजीत लिहायचो आणि तुम्ही खाली कन्नडमध्ये सही करायचात. टाक तुम्ही नांगर धरावा तसा धरायचात. सही पूर्ण होईपर्यंत जीभ ओठाबाहेर. मला हसू यायचं आणि ते मी लपवतही नसे.

भांडण मात्र पहिल्या आठवड्यातच जुंपलं. गावात जोडलेले दिवे किती, त्यातले एका वेळी किती लागतात, विजेच्या मोटारी किती, हे सगळं मांडून मी पुढच्या महिन्याचा अंदाज कागदावर काढला आणि ऐटीत तुमच्यापुढं ठेवला. तुम्ही कागद उलटासुलटा बघितलात.

"ह्यात आबाळ कुठं हाय?"

"आभाळ सरासरीत आलंय, आप्पा."

"सरासरीत आल्यालं आबाळ काळं असतंय का पांढरं?"

इंजिनांच्या हॉलमधली सगळी माणसं हसली. मी चिडलो. म्हटलं, हे शास्त्र आहे, पाच संध्याकाळींतली एखादीच दगा देईल एवढं यातून नक्की सांगता येतं. तुम्ही शांतपणे विचारलंत, "ती कंची?" मी म्हटलं, ते नाही सांगता येत. "मग सांगितलासा काय ओ निपाणकर? ज्येच्या घरातला दिवा गेला, त्येला चार दिवस हुता म्हणून सांगायचं व्हय?"

तुमचा नियम एकच होता. दोन्हीतलं एक इंजिन बसलं, तर दुसरं गावाला घरापर्यंत नेईल का? नेत असेल तर निभतंय, नसेल तर आत्ताच काहीतरी करा. आणि हे सांगायचं ते फक्त त्या दिवसापुरतं. "रातच्या जेवणापतूर इचारा. त्येच्या फुडचं मला कळत न्हाय आणि कळतंय म्हणणाऱ्याला बी कळत न्हाय." हा टोमणा कुणाला होता ते मला कळायचं.

या भांडणाचा निकाल लागला नाही, आप्पा. तुम्ही गेलात म्हणून मी हार मानली असं समजू नका. माझा कागद सगळाच चुकीचा नव्हता. दर महिन्याला तेल किती लागेल ते त्यावरून बरोबर निघायचं आणि तुम्हालाही ते ठाऊक होतं. आता उलट उत्तर द्यायला कोणी नाही, म्हणून माझं म्हणणं मलाच फिकं वाटतं, इतकंच.

आता ती अमावस्या. तिच्यावाचून हे लिहिण्याला अर्थ नाही.

मार्गशीर्षातली होती. मी येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते, म्हणजे बेळगावातली माझी ती पहिलीच अमावस्या. दोन नंबरच्या इंजिनाच्या पिस्टनची कडी झिजली होती, ती बदलायची होती. काम दीड-दोन दिवसांचं. तेवढा वेळ गाव एकाच इंजिनावर चालवायचं. आदल्या दिवशी मी हिशेब केला. उद्या अमावस्या, रस्त्यावरचे सगळे दिवे लागणार, म्हणजे महिन्यातला सगळ्यांत जड दिवस. तो दिवस एका इंजिनावर निभला, तर दुसरा दिवस निभेलच. अमावस्येच्या दिवशी सकाळी बघतो तर एकच इंजिन आरामात गाव ओढत होतं. मी खूश. म्हटलं, उघडा दोन नंबर.

तुम्ही म्हणालात, "आज उघडाय हरकत न्हाय. पर अवसंच्या दुसऱ्या दिशी एका इंजनावर समदं गाव सोडायचं न्हाय."

"का?"

"सोडत न्हाईत."

बस्स, एवढंच. आणि मी हसलो. मला वाटलं, अमावस्येचा विटाळ आता इंजिनालाही लागायला लागला. घरी आमची आई अमावस्येला नवं भांडंसुद्धा काढत नसे, त्यावरून मी तिच्याशी भांडून पुण्याला गेलेला माणूस. मी तुम्हाला लिंबू-मिरची बांधायचा सल्ला दिला. तुम्ही एकदा माझ्याकडं बघितलंत आणि तेलाचा डबा उचलून निघून गेलात. समजावून सांगणं तुमच्या स्वभावात नव्हतं, आणि विचारून घेणं माझ्या.

पण साहेबांचा नियम होता, मुख्य ड्रायव्हरचं मत लिहिल्याशिवाय इंजिन उघडायचं नाही. मी रजिस्टर घेतलं आणि मुख्य ड्रायव्हरच्या मताच्या रकान्यात लिहिलं, उद्या संध्याकाळी एका इंजिनावर भागेल. तुमच्यापुढं सरकवलं. तुम्ही रोजच्यासारखी जीभ बाहेर काढून सही केलीत. तुम्हाला वाटलं, तुम्ही म्हणालात तेच लिहिलंय. आजवर तसंच होत आलं होतं.

शहापूर-वडगावातले माग अमावस्येला बंद असतात, हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या निपाणीत तंबाखू आणि तंबाखू, मागाशी संबंध कुठला? मोटारीवरचे माग तेव्हा नुकतेच आले होते आणि तेही सगळे त्या दिवशी गप्प होते. म्हणून गाव हलकं होतं. दुसऱ्या दिवशी सगळे माग एकदम सुरू झाले. सुट्टीचं काम भरून काढायला कोष्टी दिवे लावून संध्याकाळीही बसले. रस्त्यावरचे दिवे होतेच. तुम्ही अमावस्येला घाबरत नव्हता, तुम्ही माग मोजत होता. बेळगावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं, म्हणून तुम्ही ते मला सांगितलं नाहीत.

दिवेलागणीला इंजिनाचा आवाज जड झाला. हॉलमधले दिवे तांबडे पडले, विझत्या निखाऱ्यासारखे. तुम्ही बेअरिंगवरचा हात झटकून ओरडलात, "निपाणकर, शापूर काढा! बटन वडा!" मी बोर्डापाशी उभा होतो. मला वाटलं, सावरेल. दोन मिनिटं मला वाटत राहिलं. तेवढ्यात बेअरिंगमधला धातू वितळला आणि चाक कण्हत कण्हत थांबलं. दुसरं इंजिन उघडून जमिनीवर पसरलेलं. ते जोडून चालू होईपर्यंत गाव दोन दिवस अंधारात होतं.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी आपल्या दोघांना खोलीत उभं केलं. रजिस्टर उघडून ती ओळ मोठ्यानं वाचली आणि मग हिंदीत समजावून तुम्हाला विचारलं, हे तुझं मत होतं का?

तुम्ही साहेबांकडं बघितलं नाहीत. माझ्याकडं बघितलंत. किती वेळ, कुणास ठाऊक. मला तुमची नजर पुढची कित्येक वर्षं जेवताना दिसायची. मी जमिनीकडं बघत होतो. नवी नोकरी, घरी म्हातारी आई, ही कारणं मी पुढं स्वतःला पुष्कळदा सांगितली. त्या क्षणी यातलं काहीच मनात नव्हतं. त्या क्षणी मी फक्त भ्यालो होतो.

तुम्ही म्हणालात, "सही माजी हाय."

'मी म्हणालो' असं तुम्ही म्हणाला नाहीत. खोटं बोलला नाहीत. सही तुमचीच होती. साहेबांना तेवढं पुरलं. तुमचं मुख्य ड्रायव्हरपण गेलं आणि तुम्हाला मागच्या टाकीवर पाणी राखायला बसवलं. हॉलमध्ये पाय टाकायचा नाही, असा हुकूम झाला.

गावाला तर काय, आयतं मिळालं. खासबागेच्या बाजारात लोक हाक मारून विचारायचे, "काय ओ आप्पा, आज कंदील पुसून ठिवू का?" तुम्ही हसायचात. मी एकदा मागून चाललो होतो, तेव्हा ऐकलं. हसण्याचा आवाज तुमचा नव्हता. आक्कांनी त्या वर्षी बाजारात जाणंच सोडलं, शेजारणीकडून भाजी आणवायच्या. ज्या माणसानं गावाचे दिवे टिकावेत म्हणून इतकी वर्षं आपलं घर आधी विझवलं, त्याच्या नावानं लोक कंदील पुसायला लागले. आणि हे कुणामुळं, ते गावात दोनच माणसांना माहीत आहे, असं मी धरून चाललो होतो.

त्यानंतर आठवडाभरानं मी पहिल्यांदा टाकीवर आलो. वाटलं होतं, तुम्ही शिव्या घालाल. दोन दिल्या असत्यात तर बरं झालं असतं. मी विचारलं, "आप्पा, आज संध्याकाळचं कसं?" तुम्ही पाण्यात हात बुडवलात. "एक नंबर तापलाय. इंजनाचा ताप पाण्यात उतरतोय बगा. आज निभंल, पर पेठेत दोन मांडव हाईत, दिवेलागणीला बोर्डापाशी ऱ्हावा." तसंच झालं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा आलो. मग रोजच.

ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तशातला प्रकार. तुमचं मत घ्यायला यायचो आणि जे बोलायचं ते पोटात घेऊन परत जायचो. आणि वर काय, तुमचं मत मी रजिस्टरात माझं म्हणून लिहीत होतो. एकदा माझं मत तुमच्या नावावर लिहिलं आणि नऊ वर्षं तुमचं मत माझ्या नावावर. लढाईच्या दिवसांत सुटा भाग मिळेना, तेल वेळेवर येईना, बाहेरच्या गावांतली वीजघरं आठ-आठ दिवस बंद पडली. आपलं टिकलं. दर संध्याकाळी काय काढायचं, काय ठेवायचं, कुठल्या इंजिनाला तासभर विसावा द्यायचा, हे कठड्यावर घोंगडी पांघरून बसलेला माणूस पाण्यात हात घालून सांगत होता. साहेबांनी मला बढती दिली. चारचौघांत म्हणाले, निपाणकर भरवशाचा माणूस आहे. मी मान खाली घातली आणि लोकांना तो विनय वाटला.

बोलायला निघालो नाही असं नाही. एकदा निघालो होतो. श्रावणातली दुपार होती, टाकीवर आपण दोघंच. मी म्हटलं, "आप्पा, त्या रजिस्टरचं..." तुम्ही तंबाखू मळायचं थांबवलंत. हात तसाच हातावर राहिला. तुम्ही वाट बघत होता, आता कळतंय. माझ्या तोंडून निघालं, "...नवीन रजिस्टर मागवायला हवं. पानं संपत आलीत." तुम्ही पुन्हा मळायला लागलात. "मागवा की," म्हणालात.

तुम्ही मला काय काय शिकवलंत, त्याचे आभार तरी मानायला हवे होते. पुस्तकात आभाळ नसतं हे शिकवलंत. इंजिन बंद पडण्याआधी सांगतं, फक्त हात ठेवायला हवा, हे शिकवलंत. आता मीही दुपारी सायकलवरून शहापूरला जाऊन येतो. अमावस्या कधी आहे ते मला पंचांग न बघता ठाऊक असतं. ज्यांच्या अमावस्येच्या सुट्टीला मी विटाळ समजलो, ते कोष्टी आता मला थांबवून पाणी देतात.

तुमचा ताप चारच दिवसांचा. तिसऱ्या दिवशी दुपारी मी खासबागेत आलो. तुम्ही भिंतीकडं तोंड करून निजला होता, मग हळूच वळलात. दोन नंबरचा वॉल्व्ह चिकटतोय, असं मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, "रॉकेलनं धुवा आन् हलक्या हातानं." आक्का चहा करत होत्या. मी चहा घेतला. उद्या परत येतो म्हटलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच निरोप आला.

परवा टाकीवरून परत फिरलो तो पॉवरहाऊसमध्ये गेलो नाही, घरी गेलो. रात्री डोळा लागला नाही. काल आक्कांकडं गेलो. त्या जोत्यावर तांदूळ निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. रजिस्टर, ती ओळ, साहेबांची खोली, सगळं. सांगताना मला रडू आलं. त्यांना आलं नाही. त्यांचा सुपातला हातही थांबला नाही.

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. "त्याच दिशी घरी येऊन सांगितलं त्येनी. मी म्हटलं, जाऊन सायबाला खरं काय ते सांगा. तर म्हणाले, मी कशाला? ज्येचं त्यो सांगंल. नवा हाय, भ्यालाय. उद्या बोलंल." सुपातले दोन खडे त्यांनी काढून बाजूला टाकले. "मग रोज इचारायची मी, आज बोलला काय ओ? न्हाय गं, आज न्हाय. उद्या बोलंल. पुढं पुढं मी इचारायचं सोडलं, तरी आपनच सांगायचे. आज बी न्हाय बग."

रात्रीच्या जेवणापलीकडचं मला विचारू नका म्हणणारा माणूस, आप्पा, माझ्याबाबतीत मात्र रोज उद्याचा भरवसा देत होता.

मी खाली बसलो. आक्कांनी सूप बाजूला ठेवलं.

"तुमी त्या दुपारी येऊन गेलासा न्हवं? तुमी गेल्यावर त्येनी डोळं उघडलं. म्हणाले, निपाणकर येऊन गेला काय? म्या म्हटलं, व्हय. बोलला काय? म्हणाले. श्वास न्हवता ओ त्यांच्यात बोलायला, तरी त्येच इचारलं." आक्कांनी सांडलेले दोन दाणे उचलून सुपात टाकले. "म्या म्हटलं, व्हय, बोलला. समदं बोलला. मग गप निजले. तुमच्यासाठनं न्हाय खोटं बोलले मी. त्यांच्यासाठनं बोलले."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तर त्यांनी पाय मागं घेतले. "मला सांगून काय उपेग? मला ठावंच हुतं. बाजारात सांगा."

आज सकाळी साहेबांना सांगितलं. जुनी गोष्ट झाली, म्हणाले, आणि रोषणाईचं विचारलं. म्हणून हे मी गावच्या साप्ताहिकात द्यायला लिहितोय. खासबागेत ते वाचलं जातं, ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवलं जातं. ज्यांनी ज्यांनी तुम्हाला कंदिलावरून हाक मारली होती, त्यांनी आता ती मला मारावी.

आणि आप्पा, त्या दुपारी मी तुमच्याशी फक्त वॉल्व्हबद्दल बोललो होतो. जे मी बोललो असं समजून तुम्ही गेलात, ते तेव्हा मी बोललोच नव्हतो. ते हे: उद्या एका इंजिनावर भागेल, असं तुम्ही म्हणाला नव्हता. एका इंजिनावर सगळं गाव सोडायचं नाही, असं तुम्ही म्हणाला होता. ती ओळ मी लिहिली.